टाक्यातला कापितान

"अख्ख्या कोरिएन्तेस शहरात माझ्या टाक्यासारखं पाणी दाखवा, रोजचा माते चहा प्यायचं सोडून देईन!" एदुविहेसबाई ज्याला त्याला ऐकवत. आणि खोटं नव्हतं हो ते! गच्चीवरचं पावसाचं पाणी अंगणातल्या टाक्यात साठे आणि त्यात राही कापितान. कापितान म्हणजे कासव. डासांच्या अळ्या, किडे, सगळं फस्त! सासूबाईंनी सोडलेला, म्हणजे घरातलाच माणूस.

पिवळ्या तापाची आवई उठली आणि नगरपालिकेनं बेनितेस नावाचा स्वच्छता निरीक्षक नेमला. कडक कॉलर, गळ्यात शिट्टी! टाक्यात डोकावला आणि किंचाळलाच.

"अहो बाई, पिण्याच्या पाण्यात जनावर?"

"जनावर कोणाला म्हणता? कापितान आहे तो!"

"नियम म्हणजे नियम! टाक्यात फक्त नगरपालिकेचा नोकर उतरेल. काढा ते बाहेर!"

आणि नेलं की मेल्यानं बादलीत घालून!

महिना सरतो न सरतो तोच टाक्यात अळ्यांची जत्रा भरली. बेनितेस पुन्हा दारात. "अळ्या! उद्या टाकं सील!"

सील? ऐन उन्हाळ्यात? म्हणजे नदीवरून गढूळ पाणी वाहायचं, तेही या माणसाच्या कर्तबगारीमुळे! बाईंचं डोकंच फिरलं. पिठाच्या हातांनी तशाच तरातरा नगरपालिकेत.

"कुठाय तो शिट्टीवाला?"

कारकून घाबरला. "बसा बाई, आधी पाणी घ्या."

बाईंनी घोट घेतला. नितळ, गोड! त्या ताडकन उठल्या, मागच्या अंगणात गेल्या आणि नगरपालिकेच्या टाक्याचं झाकण उचललं. आत कापितान! चांगला गलेलठ्ठ झालेला! तेवढ्यात मागोमाग बेनितेस धावत आला.

"साहेब, हे काय?"

बेनितेस कॉलर सैल करत म्हणाला, "तो... तो आता आमचा नोकर आहे, बाई. अळ्यांच्या बंदोबस्ताला. रीतसर ठराव झालाय."

"अस्सं! तुमचा नोकर? मग नियमाप्रमाणे माझ्या टाक्यात उतरायला कोण हवं? पाठवा त्याला कामावर! आत्ताच्या आत्ता! नाहीतर भर बाजारात ओरडून सांगते, साहेब कासवाचं पाणी पितात!"

संध्याकाळी कापितान हातगाडीवरून घरी आला. पाठीवर नगरपालिकेचा नंबर, पांढऱ्या रंगात, ठसठशीत! सील टळलं, अळ्या संपल्या, बाईंनी गल्लीभर चिपा, म्हणजे चीजचे गरम पाव, वाटले.

आठवड्यानं दारात शिट्टी वाजली. बेनितेसनं टाक्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, हुंगलं आणि नाक मुरडलं.

"बाई, पाण्याला रंगाचा वास येतोय. टाकं सील करावं लागेल!"