चित्र सत्तावीस

न केलेलं काम केल्यासारखं दाखवणं ही जर कला असेल, तर मी तिच्यातला उस्ताद आहे, अशी दोन हजार नऊच्या मार्चपर्यंत माझी पक्की समजूत होती. नाशिकच्या एका दूरशिक्षण संस्थेत मी अकरा महिन्यांच्या करारावर होतो. करार एकतीस मार्चला संपत होता. पुढचा मिळणार की नाही, हे आमचे संचालक निवृत्ती गांगुर्डे साहेब यांच्या हिरव्या पेनावर अवलंबून होतं.

त्यातच धड्यांचं काम बघणाऱ्या स्नेहल मॅडम माझ्या टेबलावर एक तक्ता ठेवून गेल्या. ऑनलाइन धड्यांची ही म्हणे जन्मपत्रिका. शीर्षक, विषय, भाषा, पातळी, निर्माता असं सगळं ठरलेल्या रकान्यात भरायचं, म्हणजे शोधणाऱ्याला धडा सापडतो.

"शेवटचा रकाना चित्राच्या वर्णनाचा," त्या म्हणाल्या. "तो पडद्यावर दिसत नाही. पण ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांना कॉम्प्युटर तो मोठ्याने वाचून दाखवतो. नीट लिहा."

"किती चित्रं?"

"चारशे बारा."

"तीन दिवसांत देतो," मी म्हणालो.

पहिली वीस वर्णनं मी इमानदारीत लिहिली. मग आमच्या ऑफिसची रीत माझ्या लक्षात आली. आमच्याकडे वेबसाइटसुद्धा कागदावर छापून, फाईलला लावून साहेबांकडे जायची. साहेब पानापानावर सही ठोकायचे, मगच ती खरी. आणि वर्णनाचा रकाना छापून येतच नव्हता! खात्री करायला मी एकविसाव्या चित्राला लिहिलं, 'हे जो वाचेल त्याला माझ्याकडून मिसळ.' फाईल सहीसकट परत आली. मिसळ कुणी मागितली नाही.

मग काय, हात सुटला. आंब्याचं कलम बांधतानाचं एक चित्र होतं. मी लिहिलं, 'काडी पेन्सिलीएवढी जाड, काप तिरका, दोन बोटं लांब. इथवर ठीक. पण ही पट्टी ज्याने बांधली, त्याच्या पायजम्याची नाडी रोज कोण बांधतं, असा प्रश्न पडतो.' सत्ताविसावं चित्र साहेबांच्या वृक्षारोपणाचं होतं. त्यात तर मी जीव ओतला.

साहेबांची सूचना एकच होती. "सोमनाथ, निर्माता आणि वर्णनकर्ता, दोन्हीकडे माझं नाव टाक. सगळ्या धड्यांना." टाकलं. एकदा लिहून माउसने खाली ओढलं, की शेवटापर्यंत गांगुर्डेच गांगुर्डे.

तेवीस मार्चला पुण्याहून सरिता मॅडम तपासणीला आल्या. त्यांनी मान्यता दिली तर संस्था पुढे चालणार, नाहीतर माझा करार गेलाच. मी निर्धास्त होतो. तेवढ्यात स्नेहल मॅडम एका चाळिशीच्या माणसाला हाताला धरून हॉलमध्ये आल्या.

"हे मोतीराम भोये, सुरगाण्याहून आलेत. रोपवाटिकेचा कोर्स करतात. यांना दिसत नाही. आपले धडे कसे ऐकू येतात, ते हेच दाखवतील."

कॉम्प्युटर लग्नाच्या मांडवात लावतात तसल्या भोंग्याला जोडलेला होता.

मोतीरामभाऊंनी कळ दाबली. भोंगा बोलला, "शीर्षक, आंब्याची कलमं. पातळी, प्राथमिक." सरिता मॅडम समाधानाने मान डोलवत होत्या. मी मागून सरकत गेलो आणि पडदाच बंद केला. सगळं काळंठिक्कर. मोतीरामभाऊंना त्याचं काय? ते निवांत पुढची कळ दाबत राहिले, आणि भोंग्याने पायजम्याची नाडी सगळ्या हॉलला ऐकवली. मी वायर उपटायला वाकलो, तर हाती आली ती पंख्याची. पंखा बंद पडला आणि आवाज आणखीच स्वच्छ ऐकू येऊ लागला.

"चित्र सत्तावीस. संचालक साहेब रोप लावत आहेत. रोप प्लॅस्टिकच्या पिशवीसकट खड्ड्यात आहे. हातातल्या झारीत पाणी नाही. साहेबांचे केस काळे कुळकुळीत, भुवया पांढऱ्या. आठ माणसं कॅमेऱ्याकडे बघत आहेत. रोप एकटं साहेबांकडे बघत आहे."

पहिल्या रांगेतले साहेब लाल झाले. मी मनातल्या मनात घोटीच्या मामाच्या भाताच्या गिरणीत नोकरीला लागलो.

"वर्णनकर्ता, निवृत्ती गांगुर्डे," भोंगा म्हणाला.

सरिता मॅडम हसत सुटल्या. "स्वतःवर असं लिहिणारा संचालक मी पहिल्यांदाच पाहिला!"

"साहेब, लय भारी," मोतीरामभाऊ म्हणाले. "दुसरीकडं नुसतं चित्र एक, चित्र दोन असं म्हणतंय. काय कळत नाय. तुमची काडी मला बोटाला लागली. आन् गावाकडं ऐकलं तवा एकवीस नंबरला मिसळ सांगितलीय तुम्ही, ती कधी?"

साहेबांनी घाम पुसला. "आमची शैलीच तशी आहे," ते म्हणाले.

मान्यता मिळाली. संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून हिरव्या पेनाने करारावर सही केली. "बाकीच्या कोर्सची दोन हजार चित्रं माझ्याच पद्धतीने लिही," ते दात खाऊन म्हणाले. "आणि त्या माणसाला मिसळ खाऊ घालून आण. तुझ्या खिशातून."

पंचवटीतल्या हॉटेलात मिसळ आली. मोतीरामभाऊ म्हणाले, "कशी दिसतीय?"

"तर्री एवढी, की खालची मटकी देवाघरी गेली असावी," मी सवयीने बोलून गेलो.

त्यांचा घास हातातच थांबला. "आस्सं. वर्णनकर्ते तुम्ही हायेत."

मी पावाची बशी त्यांच्याकडे सरकवली.

"पुण्याच्या बाईंनी नंबर दिलाय. सांगू का त्यांना?"

"नको हो भाऊ. आजच सही झालीय."

"मग बाहेर जीपमधी गावाकडचे सातजण बसलेत. त्यांनी बी एकवीस नंबर ऐकलाय."

मी वेटरला हाक मारली. सातही जण येऊन बसले आणि मिसळीवर तुटून पडले. मोतीरामभाऊंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"आता हे कसे खातात ते सांगा," ते हळूच म्हणाले. "खरं खरं. सत्तावीस नंबरवाणी."

हे काम करारात नव्हतं. तरी पाव संपेपर्यंत मी त्यांच्या कानात सांगत बसलो.