अकरा इंच

"चौतीस वर्षं जमिनी मोजल्यात मी! माझ्या मोजणीत इंच सरकला नाही कधी!" असं म्हणत मोजणीदारांनी दहा जास्वंदी आणि एक कण्हेर अंगणात उतरवली.

कारण तसंच होतं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हेडबाई, म्हणजे त्यांची बायको, खुर्चीत बसून होत्या. ज्या आवाजाने अख्खी शाळा थरथरायची, तो आता "हं" वर आला होता. मोजणीदारांना आयुष्यभर बोलणी खायची सवय! तीन महिने कोणी ओरडलं नाही, तर जेवण अंगी लागेना. डॉक्टर म्हणाले, "झाडं लावा, मन रमेल."

"अगं, खड्डा कुठे घेऊ?"

"हं."

मग मोजणीदारांनी कपाटातला कापडी टेप काढला. भिंतीपासून तीस फुटांवर हद्द, म्हणून एकोणतिसावर रांग. तो टेप चौतीस वर्षं ओढून ओढून सैल झाला होता. कचेरीतला शिपाई दर मोजणीला "साहेब, दोन फूट जास्त धरा" म्हणून आठवण करायचा. पण शिपाई कचेरीत राहिला आणि टेप घरी आला.

महिन्याभरात झुडपं फुलांनी लगडली. बाई मात्र खुर्चीतच.

आणि शेजारी नवी राहायला आलेली दातांची डॉक्टर कुंपण घालायला निघाली. गवंड्याने हद्दीच्या एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत दोरी ताणली आणि डोकं खाजवलं.

"साहेब, तुमची झाडं मॅडमच्या अंगणात आहेत."

"अशक्य! दोरी तिरकी आहे!" म्हणत मोजणीदारांनी टेप आणून दोरीपासून झाडापर्यंत धरला.

"असू द्या हो काका," डॉक्टर गोड हसली. "माझ्या जागेत आहेत म्हणजे माझीच. पेशंटला बघायला बरी!"

"माझी झाडं? बायकोसाठी लावलीत मी ती!" मोजणीदारांचा आवाज चिरकला. डोळ्यांत पाणीच आलं बिचाऱ्यांच्या.

धाडकन दार उघडलं. हेडबाई! अंगणात! चार महिन्यांत पहिल्यांदा!

"कोण ओरडतंय माझ्या नवऱ्यावर?" खरं तर ओरडत नवराच होता, पण हे सांगायची गवंड्याची छाती झाली नाही. बाईंनी चष्मा सावरला, डॉक्टरकडे रोखून पाहिलं. "थांब. तिसरी ब! खिडकीजवळचा बाक! तेव्हाही दुसऱ्याचं खोडरबर आपल्या दप्तरात सापडलं की तुझंच व्हायचं ना गं?"

पेशंटच्या दाढा उपटणाऱ्या त्या बाईचे हात आपोआप मागे गेले. "चुकले, बाई."

"झाडं हलवायची नाहीत, मरतील. कुंपण त्यांच्या पलीकडून जाईल. सकाळचं पाणी तू घालायचं. मी सात वाजता येऊन बघणार आहे!"

"हो, बाई."

गवंड्यानेही न विचारता "हो, बाई" म्हटलं.

मग बाई वळल्या. "आणि तुम्ही! चौतीस वर्षं मोजणी, आणि स्वतःच्या दारात एक फूट चुकलात!" बोलता बोलता त्यांना हसू फुटलं. पदर तोंडाला लावून, गवंड्याच्या फावड्याचा आधार घेऊन त्या हसत राहिल्या. मोजणीदारांना वाटलं, जिंकलो! आता खुशाल सगळं अंगण जाऊ दे शेजारी! तरीही राहवेना.

"एक फूट नाही काही," ते छाती काढून म्हणाले. "अकरा इंच! आत्ताच मोजलंय मी."

"कशाने?" बाईंनी विचारलं.

मोजणीदारांनी टेप हळूच पाठीमागे लपवला.