कांचनकाकू रडल्या होत्या काय?

वेस्ट विंडसरच्या परिसरात माझ्याएवढा तीक्ष्ण बुद्धीचा गुप्तहेर दुसरा नाही. खरे तर दुसरा गुप्तहेरच नाही. परंतु उंचीवरचा हा एकाकीपणा मी निमूटपणे सोसतो. कोणाच्या डोळ्यांत पाहण्याचा मला संकोच वाटतो, म्हणून मी पादत्राणांवरून निष्कर्ष काढतो. आपल्या घरांत ती दाराशीच काढलेली असतात, त्यामुळे बहुतेक निष्कर्ष भलत्याच माणसाला चिकटतात.

१९८७च्या ऑक्टोबरात, मेपलची पाने झडत असताना, कांचनकाकूंनी मला बोलावले.

"शनिवारी आमच्या लग्नाला तीस वर्षं होतायत. प्रत्येक पार्टीत हे सांगतात, कांचन लग्नात धाय मोकलून रडली. साफ खोटं! आमचा फोटोंचा रोल तेव्हाच खराब झाला. लग्न इथे अमेरिकेतच झालं, तेव्हा इथल्या पेपरात म्हणे एक फोटो आला होता. तेवढा शोध, म्हणजे भाषणाआधी ह्यांचं तोंड बंद करते."

तीन दिवस मी लायब्ररीत मायक्रोफिल्म फिरवली. त्या काळच्या वृत्तपत्रांतील वधू साऱ्या सारख्याच: पांढऱ्या जाळीत, हनुवटी किंचित वर, आणि खाली नाव नवऱ्याचे. शेकडो वधूंनी माझ्याकडे पाहिले. मी प्रत्येक वेळी नजर खाली वळवली. चौथ्या दिवशी बातमी सापडली.

'हिंदू राजकन्या सुलेखा हिचा इंजिनिअर विष्णू यांच्याशी विवाह. पित्याच्या पदरी चाळीस हत्ती. वधूच्या मुखावर मोत्यांचा बुरखा.'

सुलेखा! म्हणजे आमच्या विष्णुकाकांची ही पहिली पत्नी. छायाचित्रात ती हसत होती, अर्थात तिला धोक्याची कल्पना नव्हती. शेजारी वराने उपरण्याने तोंड झाकले होते. अपराधी माणूस आणखी काय करणार? काकांनी बेसमेंटमध्ये नवे सिमेंट का घातले, हेही उलगडले. त्या चाळीस पोरक्या हत्तींसाठी माझे मन भरून आले.

काकूंच्या सपातांवर नजर ठेवून मी कागद पुढे केला. "काकू, धीर धरा. काकांचे आधी एक लग्न झाले होते."

काकूंनी चष्मा लावला. "अरे, कधीतरी मान वर करून माझ्याकडे बघ! ही मीच."

"पण सुलेखा?"

"ह्यांनी तांदळात लिहिलेलं नाव. चार दिवस हाका मारल्या, मी ओ दिली नाही. पाचव्या दिवशी पुन्हा कांचन."

"आणि तो बुरखा?"

"मुंडावळ्या रे!"

"हत्ती?"

"मला तेव्हा इंग्लिश कुठलं येत होतं? पेपरचा फोटोग्राफर जे विचारेल त्याला मी मान हलवली. वडील पोस्टमास्तर होते माझे!"

एवढ्यात गॅरेजमधून विष्णुकाका आत आले. काकूंनी कागद त्यांच्या नाकासमोर धरला. "बघा. मी हसतेय. आणि हे डोळे कोण पुसतंय?"

काका खाकरले. "होमाचा धूर झाला होता ना, कांचन."

"होम? अपार्टमेंटच्या मालकाने साधी काडी पेटवू दिली नव्हती!"

काकांनी कागद हातात घेतला. "मग शनिवारचं भाषण कॅन्सल करू?"

"छे! करा की. फक्त रडणारं माणूस बदला."

मी प्रथमच मान वर केली. काकांचे डोळे पुन्हा भरले होते, आणि घरात धूर कुठेच नव्हता. तेवढा निष्कर्ष माझा मी काढला.