सल्ला सोडलेला माणूस

मास्तरांनी साखर सोडायची तयारी दाखवली, पण व्यसनमुक्ती समुपदेशनाचा कोर्स शिकवणाऱ्या बाईंनी ती साफ नाकारली.

"साखर तुम्ही सहज सोडाल," बाई म्हणाल्या. "जी सुटणार नाही अशी गोष्ट सांगा."

कोर्सचा हा नेमच होता. उद्या ज्यांना दुसऱ्याला 'सोड' म्हणून सांगायचं आहे, त्यांनी आधी स्वतःचं काहीतरी परीक्षेपर्यंत सोडून बघायचं. कुणी चहा सोडला होता, कुणी सिगरेट. मास्तर म्हणजे शहरातल्या एका जुन्या ड्रायव्हिंग स्कूलचे मालक आणि तिथले एकमेव शिक्षक. वय साठीच्या उंबरठ्यावर. अर्धं आयुष्य शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून, 'क्लच! क्लच!' म्हणण्यात गेलेलं. संध्याकाळच्या या वर्गात ते येऊन बसले होते ते एकाच कारणासाठी. त्यांच्या धाकट्या भावाला दारूचं व्यसन होतं. मास्तरांनी त्याला सांगायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. तरी गुण आला नव्हता, तेव्हा आपल्या सांगण्याच्या पद्धतीतच कुठेतरी बारीकशी चूक असणार आणि ती कोर्स केल्यावर निघून जाईल, असा त्यांचा समज होता.

"मला तसं व्यसन नाहीच हो," मास्तर म्हणाले.

"आज वर्गात आल्यापासून तुम्ही मला पंखा कमी करायला सांगितलंत, फळ्यावर मोठं लिहायला सांगितलंत, आणि या नर्सताईंना चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलंत."

"त्यांच्याच भल्यासाठी."

"तुम्ही सल्ला सोडायचा," बाई म्हणाल्या. "सूचना, उपाय, 'मी काय म्हणतो', सगळं."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. नर्सताईंनी जरा जास्तच वेळ वाजवल्या. मास्तर गोरेमोरे झाले, पण गडी हटणारा नव्हता. "अहो, माझा धंदाच सांगण्याचा. मी ब्रेक म्हणालो नाही तर रस्त्यावरची माणसं मरतील!"

बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "बरं. गाडीत शिकवताना चालेल."

पुढचा सगळा घोटाळा या एका वाक्यातून झाला.

प्रत्येकाला एक जोडीदार नेमून दिला होता. तल्लफ आली की जोडीदाराला फोन लावायचा आणि ती ओसरेपर्यंत बोलत राहायचं. मास्तरांच्या वाट्याला नर्सताई आल्या. नर्सताईंनी मोबाइल सोडला होता. ही अडचण दोघांच्याही लक्षात आपापल्या घरी पोचल्यावर आली.

घरी मुलगा स्वयंपाकघरात भिंतीवर फळी लावत होता. ड्रिल मशीन घुं घुं करत होतं. मास्तरांनी दारातून एक नजर टाकली आणि त्यांना सगळं दिसलं. भोक नको तितकं मोठं, स्क्रू नको तितका छोटा, आणि भिंत नेमकी तिथेच पोकळ. त्यांच्या घशाशी शब्द आले. त्यांनी नर्सताईंना फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग ते खुर्चीत बसले, हात मांड्यांखाली दाबून घेतले, आणि डोळे मिटले.

"काय हो, बरं नाही का?" बायकोने विचारलं.

"बरं आहे."

"मग फळीकडे बघून काही बोलला नाहीत ते?"

"छान आहे फळी."

बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. दुसऱ्या दिवशी फळी, तिच्यावरच्या सगळ्या बरण्या आणि काचेचे सहा पेले एकदमच खाली आले.

"बाबा, तुम्ही बघत होतात! एक शब्द बोलायला काय झालं होतं?" मुलगा काचा गोळा करत ओरडला. लहानपणापासून 'बाबा, जरा गप्प बसा ना' एवढंच म्हणत आलेल्या मुलाच्या तोंडून हे ऐकून मास्तरांना जीवन सार्थकी लागल्यासारखं वाटलं. पण करतात काय? तोंड तर बांधलेलं. ते तसेच उठले, खाली गेले आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत जाऊन बसले.

गाडीत बसल्यावर त्यांना बाईंचं वाक्य आठवलं.

"अगं, ऐकलंस का," त्यांनी खालून हाक मारली, "बाजारात जायचंय ना? चल, सोडतो."

बायको कौतुकाने खाली आली. लग्नापासून पहिल्यांदाच नवरा आपण होऊन बाजारात सोडतो म्हणत होता. दार लागलं आणि मास्तरांचं तोंड सुटलं. पोकळ भिंतीला कुठले स्क्रू लागतात इथपासून ते तिने तिच्या बहिणीशी फोनवर कमी का बोलावं इथपर्यंत सगळं त्यांनी बाजार येईपर्यंत सांगून टाकलं. बायको उतरली तेव्हा तिचं डोकं धरलं होतं. मास्तर मात्र कसे टवटवीत! नियम मोडला नव्हता. गाडी होती, आणि शिकवणं म्हणजे तरी शेवटी दुसरं काय?

मग ते रोजचंच झालं. मुलाला ऑफिसला सोडणं, शेजारच्या केमिस्टला दुकानात सोडणं, इस्त्रीवाल्याला त्याच्या गठ्ठ्यासकट घरोघर फिरवणं. घरात मास्तर इतके शांत आणि गोड झाले होते की पाहुण्यांना दाखवावेत. पण 'गाडीतून सोडतो' म्हटलं की माणसं चपला शोधायला लागायची. मुलगा आता पहाटेच चालत निघून जाई. बायकोने बसचा पास काढला. केमिस्टने तर पाय मोकळे करायला डॉक्टरांनी सांगितलं आहे असं स्वतःच्याच दुकानात उभं राहून खोटं सांगितलं.

घरची गिऱ्हाइकं आटली तेव्हा मास्तर बस स्टॉपवर जाऊ लागले.

आधी ते शिकणाऱ्यांच्या वेळा संपल्यावर जात. मग वेळा संपायच्या आधी. शेवटी तर गाडी चालवायला शिकणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना, "आज तुमचा हात छान बसलाय," असं सांगून अर्ध्या तासातच उतरवलं. त्या बिचाऱ्या अजून रिव्हर्स घेताना डोळे मिटत होत्या. मास्तरांना ते ठाऊक होतं आणि त्यांना स्वतःची लाजही वाटली. पण स्टॉपवर ऑफिस सुटल्याची गर्दी झाली असेल, या विचाराने त्यांनी गाडी तिकडे वळवलीच.

"या, सोडतो. त्याच रस्त्याने चाललोय," ते काच खाली करून म्हणत. कुठला रस्ता हे कुणी सांगायच्या आधीच म्हणत. माणूस बसला की, "पाठ दुखते का हो तुमची? बसण्यावरून कळतं," अशी सुरुवात होई. एक गृहस्थ सिग्नलला गाडी थांबताच दार उघडून पसार झाले. त्यांची छत्री मागेच राहिली.

त्या संध्याकाळी स्टॉपवर एकच बाई उभ्या होत्या, पाठमोऱ्या. मास्तरांनी गाडी थांबवली. "या, सोडतो. त्याच रस्त्याने..."

बाई वळल्या. त्या कोर्सच्या बाई निघाल्या.

त्या शांतपणे आत बसल्या. मागच्या सीटवरची छत्री त्यांनी पाहिली. कुणाची, असं विचारलं. मास्तर ततपप करायला लागले. बाईंनी पुढे काही विचारलं नाही. त्या नुसत्या गप्प बसल्या, आणि या गप्प बसण्याने मोठमोठे लोक बोलते होतात हे शिकवलेलं असूनही मास्तर बोलते झाले.

"तुम्हीच म्हणालात, गाडीत चालेल."

"शिकवताना, म्हणाले होते."

"तसं फार नाही हो. कधीमधी. दिवसभराचा ताण असतो, मग एखाद-दुसरा सल्ला. त्यात कुणाचं नुकसान नाही. मनात आणलं ना, तर आत्ता या क्षणी बंद करीन. आणि घरचे असे तुटक वागतात, मग माणूस जाणार कुठे?"

बोलता बोलता मास्तर थांबले. ही वाक्यं त्यांची नव्हती. ही धाकट्याची होती, शब्दाला शब्द. कधीमधी. ताण असतो. मनात आणलं तर आत्ता. असंच तो त्यांच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून म्हणाला होता, आणि मास्तर त्याला म्हणाले होते, "खोटारडा आहेस तू." तो भरलं ताट तसंच सोडून उठला होता. त्यानंतर त्याने या घराची पायरी चढली नव्हती.

"तो खोटं बोलत नव्हता," मास्तर हळूच म्हणाले. "त्याला खरंच तसं वाटत होतं."

बाईंनी "कोण?" असंसुद्धा विचारलं नाही. घर आल्यावर उतरताना म्हणाल्या, "घसरलात, त्याचं काही नाही. लपवलंत, ते घरी सांगून टाका."

मास्तरांनी घरी येऊन बायकोला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. बस स्टॉप, छत्री, डॉक्टरीणबाईंचा बुडवलेला अर्धा तास. "मला नाही गं जमत. एवढीशी गोष्ट, ती नाही जमत. आणि त्या पोराला मी दारू सोड म्हणत होतो, रोज, उठता बसता."

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग आत गेली आणि तिने कुणाला तरी फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर गाडी पुसत होते, तर समोर धाकटा उभा. अंगात छापखान्यातला शाई लागलेला शर्ट, दाढी केलेली, डोळे स्वच्छ. मास्तरांच्या तोंडात एकदम दहा प्रश्न आणि वीस सूचना जमा झाल्या. त्यांनी फडकं घट्ट पिळलं.

"वहिनीचा फोन आला होता," धाकटा म्हणाला. "तुला जड जातंय म्हणाली."

मास्तरांनी नुसती मान हलवली.

"सुरुवातीला जातं. मला पण गेलं."

"तुला?"

"मी सोडली, दादा. गेल्या हिवाळ्यात."

आता पुन्हा हिवाळा तोंडावर आला होता. मास्तर गाडीच्या बॉनेटला टेकले. "गेल्या हिवाळ्यात? आणि मला... हिला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं. मीच सांगू नका म्हणालो." धाकट्याने खाली पाहिलं. "तुला कळलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी पहाटे दारात उभा राहिला असतास. कधी उठ, काय खा, कुणाशी बोलू नको. मी सोडली असती, पण ती तुझ्यामुळे सुटली असं झालं असतं. आणि एखाद्या दिवशी तुझ्यावरच्या रागाने परत घेतली असती. मला ती माझी मीच सोडायची होती."

लोक पिणं लपवतात, हे मास्तर कोर्समध्ये शिकले होते. न पिणं लपवावं लागलेला माणूस कुठल्याही धड्यात नव्हता, आणि तो त्यांच्याच घरात तयार झाला होता. त्यांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. हातातल्या ओल्या फडक्यानेच डोळे पुसले आणि तोंडभर मळ लागला.

"मी काय करू रे आता?" जन्मात पहिल्यांदाच मास्तर कुणाला तरी हे विचारत होते.

धाकटा लगेच काही बोलला नाही. ते शहाणपण त्याच्याकडे कुठून आलं, देव जाणे. मग म्हणाला, "मला सकाळ जड जाते. कामावर जायच्या आधी तासभर. कुणी नुसतं येऊन बसलं तर बरं वाटेल. बोलायला नको, नुसतं बसायला."

"मी येऊ?"

"बोलशील तू."

"नाही बोलणार."

"बोलशील रे."

"बोललो तर हाकलून दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर भावाच्या खोलीवर गेले. कितीतरी महिन्यांनी जात होते. खोली छोटी होती. एक खाट, एक खुर्ची, खिडकीपाशी शेगडी. खिडकी नीट लागत नव्हती, नळ थेंब थेंब गळत होता, खाटेचा एक पाय आखूड होता. मास्तर खुर्चीत बसले. धाकट्याने दूध तापायला ठेवलं आणि कप धुवायला पाठ फिरवली.

दूध वर यायला लागलं. मास्तरांनी पाहिलं. ते भांड्याच्या काठाशी आलं. मास्तरांनी दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट धरले, ओठ दाबले, कपाळावर घाम आला. दूध काठावरून ओसंडलं, शेगडीवर चर्र झालं आणि ज्योत विझली.

धाकटा गर्रकन वळला. त्याने आधी बटण बंद केलं. मग ओघळणाऱ्या दुधाकडे पाहिलं, आणि मग खुर्चीत लालबुंद होऊन बसलेल्या आपल्या थोरल्या भावाकडे. आणि तो हसायला लागला. पोट धरून, भिंतीला टेकून, लहानपणी हसायचा तसा.

"दादा," तो कसाबसा म्हणाला, "अरे, दूध उतू जातंय एवढं सांगितलं असतंस तर चाललं असतं!"

"आधी सांगायचंस ना मग," मास्तर म्हणाले, आणि ओटा पुसायला उठले.