तेहतीस अवजारांचा जावई

माझ्या खिशात चाकू नाही असा दिवस आयुष्यात एकदाच उगवला, तो माझ्या बाप्तिस्म्याचा. त्यानंतर गेली पंचेचाळीस वर्षं हा एमिल इनाउएन कधी कुठे अडला म्हणून नाही! कुणाच्या चष्म्याचा स्क्रू सैल होवो, गायीच्या घंटेचा पट्टा तुटो, बाटलीचं बूच आत जावो, स्वित्झर्लंडमधलं आमचं सगळं आपेन्झेल गाव माझ्याकडे बोट दाखवतं. निदान माझी तरी तशी समजूत आहे.

तक्रार होती ती फक्त माझ्या बायकोची, अगाथाची.

"एमिल, तुझी पँट घसरतेय."

"पट्टा सैल झालाय गं."

"पट्ट्याला काय धाड भरलीय! खिशात लोखंडाचं दुकान घेऊन फिरतोस. काढ बाहेर सगळे!"

दोन्ही खिसे, जाकीट आणि एक मोजा मिळून सहा चाकू टेबलावर आले. ड्रॉवरमधले आठ वेगळेच. अगाथानं ते असे बघितले जणू मी सहा बायका घरात आणल्या होत्या.

"एक ठेव. एकच! सभेच्या रविवारपर्यंत काय ते ठरव. मी मंचावर बोलत असताना माझा नवरा खाली भंगाराच्या गाडीसारखा खुळखुळलेला मला चालणार नाही."

ही सभा तिच्या जिवाभावाची होती. आमचा गोठा डोंगरवाटेच्या पायथ्याशी आहे. उन्हाळ्यात हजारो पाहुणे वर चढतात, आणि चढण्याआधी आमच्या गोठ्यामागे जाऊन हलके होतात. गायींनीसुद्धा त्या बाजूला चरणं सोडलं! तीन वर्षं अगाथानं अर्ज केले, सह्या गोळा केल्या, आणि तिथे सार्वजनिक संडास व्हावा हा तिचा प्रस्ताव शेवटी सभेपुढे आला. आता एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, भर चौकात, दोरीच्या रिंगणात उभ्या असलेल्या तीन हजार लोकांसमोर तिला बोलायचं होतं. आमच्याकडे कायदा असाच होतो. पटलं तर पहिल्या हाकेला हात वर, नाही पटलं तर दुसऱ्या हाकेला.

"तू रिंगणातल्या कारंज्याजवळ उभा राहा, मला दिसशील असा," ती म्हणाली. "लोकांकडे बघितलं तर माझी वाचा बसेल. तुझ्याकडे बघून बोलीन."

"माझ्याकडे बघून तुझी वाचा कधीच बसत नाही."

"म्हणूनच!"

मला खरंच भरून आलं. कारंज्याजवळ उभं राहणं एवढंच काम होतं. ते तर मी चाकूशिवायही करू शकलो असतो!

दुसऱ्या दिवसापासून मी परीक्षा सुरू केल्या. सोमवारचा उमेदवार इतका चपटा की पाकिटात ठेवला तो शुक्रवारी सापडला. मंगळवारच्याला माशाचे खवले काढायचं पातं होतं. आमच्या घरात मासा येतो तो डब्यातून. बुधवारी कात्रीची परीक्षा होती. तिला जरा टणक कागद हवा होता, आणि टपालानं आलेला एक जाड पिवळा कागद नेमका टेबलावर पडला होता. मी त्याच्या एकमेकींना चिकटलेल्या बारा गायी कापल्या. काय कात्री होती ती! शेपट्यासुद्धा नीट आल्या. माळ मी कौतुकानं खिडकीत लावली. गुरुवारी करवत. स्वयंपाकघरातली एक खुर्ची डुगडुगत होती, तिचा एक पाय कापला, मग बाकीचे तीन जुळवत गेलो. आता ती गोठ्यात दूध काढायला बसण्याच्या उंचीची आहे.

शनिवारी निकाल लागला. तेहतीस अवजारं, आणि मधोमध एक दणकट पक्कड! जेवायला आलेल्या सासऱ्यांना मी तो चाकू मोठ्या थाटात दाखवला.

सासऱ्यांचं नाव आल्बिन. त्यांच्याकडे आयुष्यभर एकच चाकू, लाकडी मुठीचा, एका पात्याचा. ते पातं घासून घासून काडीएवढं उरलंय. त्यांनी त्यानं सॉसेजचा एक काप कापला, तोंडात टाकला आणि माझा चाकू हातावर तोलून बघितला.

"तेहतीस म्हणता, जावईबापू? मला जन्मात दोनच कामं पडली. सॉसेज सोलायचं आणि सॉसेज कापायचं."

मग त्यांनी भिंतीवरच्या तलवारीकडे बघितलं. ती त्यांचीच. मुलगा नाही, म्हणून लग्नात मला दिलेली. आमच्याकडे सभेला पुरुष तलवार बांधून जातो, आणि ती कमरेला असली की फाटकावर कुणी चिठ्ठीचपाटी विचारत नाही.

"तीन पिढ्यांत या तलवारीचं मत चुकलेलं नाही," सासरे म्हणाले. "उद्या तर माझ्या पोरीचा प्रश्न आहे."

"मी आहे ना!" मी म्हणालो. हे वाक्य मी आता कुणाला म्हणत नाही.

रविवारी अगाथा सकाळीच निघाली. "कारंज्याजवळ!" ती दारातून ओरडली. "कारंज्याजवळ!" मी आतून ओरडलो. काळा सूट चढवला, तलवार उतरवली, तर मूठ जराशी हलत होती. म्हटलं, वा! पहिल्याच दिवशी निवडलेल्या चाकूला काम! दोन मिनिटांचं तर आहे.

मुठीच्या टोकाशी स्क्रू होता. तो मी आवळला. फारच सहज फिरायला लागला तेव्हा कळलं की मी उलटा फिरवतोय. तोवर मूठ माझ्या हातात आली होती आणि तलवार सर्रकन म्यानात खोल गेली होती! वर राहिलं चार बोटं लोखंडी शेपूट.

घाबरतो कशाला! पक्कड लावली, शेपूट धरलं, ओढलं. हलेना. आणखी जोरात आवळलं, तेव्हा आत काहीतरी खटकन बसलं. आता तलवार पक्कड सोडेना आणि पक्कड तलवार सोडेना. एका बाजूनं करवत बाहेर आलेली, दुसऱ्या बाजूनं बूच काढायचा स्क्रू, आणि त्या दोघांच्या मधून डोकावणारी दात कोरायची काडी! तेवढ्यात चर्चच्या घंटा सुरू झाल्या. मी मूठ खिशात कोंबली, तो सगळा संसार कमरेला बांधला, वरून कोट घेतला आणि पळत सुटलो.

फाटकावर काश्पर होता. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो.

"एमिल, कोट बाजूला कर. हे काय आहे?"

"तलवार."

"ही पक्कड आहे."

"खाली तलवार आहे."

"मग काढून दाखव."

"निघत नाहीये रे."

"निघत नाही ती तलवार कसली? तो पाइप झाला!"

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, बाटली उघडून झाली असेल तर सरका!"

"काश्पर, चाळीस वर्षं ओळखतोस तू मला!"

"म्हणूनच नीट बघतोय! हे बघ, तलवार चालते, नाहीतर कार्ड चालतं. खिशातला चाकू चालत नाही. आज तुझा चालवला तर पुढच्या वर्षी कुणी काटा-चमचा घेऊन येईल. तुझं कार्ड कुठंय?"

"कसलं कार्ड?"

"मताचं! सगळ्यांना टपालानं आलंय की. जाड असतं. पिवळं."

माझ्या डोळ्यांसमोर बारा गायी ओळीनं उभ्या राहिल्या.

"ते... खिडकीत टांगलंय," मी म्हणालो.

रांगेत माझ्या मागे सासरे होते. त्यांनी तलवारीची जी अवस्था झाली होती ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं. आपलं पिवळं कार्ड दाखवलं आणि आत गेले. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी दोरीबाहेर, कॅमेरे घेऊन आलेल्या पाहुण्यांमध्ये उभा राहिलो. लाल पिशवीवाल्या एका बाईनं माझा सूट बघून अदबीनं विचारलं, "इथे जवळपास संडास कुठे आहे हो?"

"बाई," मी म्हटलं, "त्याचंच चाललंय आज."

अगाथा मंचावर आली. तिनं कागद उघडला, कारंज्याकडे बघितलं. तिथे तिचे वडील एकटे उभे होते. तिनं पुन्हा बघितलं. ती बोलेना. लोक खोकायला लागले. तीन वर्षांचे अर्ज, सह्या, आणि सगळं माझ्या एका स्क्रूमुळे मातीत!

मला राहवेना. कमरेची ती भानगड मी सोडवली आणि म्यानासकट डोक्यावर धरून जोरजोरात हलवली. तशी उरलीसुरली पातीही एकेक करून उघडली, खट, खट, खट! उन्हात नुसता लखलखाट!

दोरीबाहेरच्या माणसानं सभेत हात वर करणं म्हणजे आमच्याकडे महापाप. "एमिल! हात खाली!" काश्पर गरजला. तीन हजार माना वळल्या. अगाथाचीही वळली.

तिनं मला बघितलं. माझ्या हातातलं बघितलं. मग कागदाची घडी करून खिशात टाकली.

"मंडळी," ती म्हणाली, आणि आवाज असा खणखणीत की मी ओळखला, हा मला रोज ऐकू येतो तोच! "तो तिकडे उभा आहे ना, तो माझा नवरा. जन्म इथला. खिशात तेहतीस अवजारं. मी त्याला एकच सांगितलं होतं, कारंज्याजवळ जाऊन उभा राहा. त्याला ती जागा सापडली नाही! मग पहिल्यांदाच आलेल्या परक्या माणसाला घाईच्या वेळी जागा कुठून सापडणार? तो माझ्याच गोठ्यामागे जाणार!"

असं हसू त्या चौकात कधी पिकलं नसेल! चर्चचे फादरसुद्धा हसले. हात वर झाले ते इतके की मोजायची गरजच पडली नाही. आल्बिनबाबांचा हात तर सगळ्यांत आधी. माझा तेवढा नव्हता.

सभा संपल्यावर ती माझ्याकडे आली.

"दोन पानांचं भाषण होतं माझं," ती म्हणाली. "फार छान होतं."

मी मान खाली घातली. मग तिनं माझ्या कोटात तोंड खुपसलं आणि रडेपर्यंत हसली, की हसेपर्यंत रडली, मला अजून कळलेलं नाही.

कारंज्याच्या कठड्यावर सासऱ्यांनी तलवार मांडीवर घेतली. आपलं काडीएवढं पातं पकडीच्या फटीत घातलं, जरा कलवलं, आणि माझा चाकू टपकन खाली पडला. मूठ बसवली, त्याच पात्याच्या टोकानं स्क्रू आवळला.

"दोन मिनिटांचं काम," ते म्हणाले, आणि तलवार स्वतःच्या कमरेला बांधून घरी गेले. मला फार लागलं ते. खोटं कशाला सांगू!

त्याच संध्याकाळी मी चौदाच्या चौदा चाकू ड्रॉवरमध्ये टाकले आणि अगाथाला शब्द दिला, आता खिशात फक्त रुमाल. संडास वेळेत बांधून झाला, गायी पुन्हा त्या बाजूला चरायला लागल्या, आणि वर्षभर मी शब्द पाळला.

आज पुन्हा सभेचा आदला दिवस आहे. अगाथाला यंदा डोंगराच्या वरच्या टोकालाही एक संडास हवाय. "कारंज्याजवळ!" असं तिनं सकाळपासून चारदा बजावलंय. यंदा तलवार नाही, तेव्हा कार्डाशिवाय गत्यंतर नाही. ते टपालानं आलं त्याच दिवशी मी अगदी सुरक्षित जागी ठेवलं. ड्रॉवरमध्ये.

ड्रॉवर उघडत नाहीये. बहुतेक ती पक्कड आत उघडून आडवी बसलीय. मागची फळी चार स्क्रूंची आहे, पेचकस असता तर काही प्रश्न नव्हता. घरात पेचकस एकूण एकोणीस. सगळे आत आहेत.

सासरे अंगणात बसून सॉसेज सोलताहेत. एक हाक मारली तर काम होईल. पण ते "दोन मिनिटांचं काम" म्हणतील, आणि ते मला या जन्मी पुन्हा ऐकायचं नाही. म्हणून तुम्हाला विचारतो, कुणाच्या खिशात एखादा पेचकस आहे का? छोटासा चालेल. नसेल तर काश्परला तेवढं कळवा, उद्या मी ड्रॉवर घेऊनच येतोय!