जमादाराचा पांढरा तुरा

माईंनी सकाळी खुराडं उघडलं आणि जमादाराला बघून त्या दारातच थबकल्या. कोंबड्याचा लालबुंद तुरा पीठ सांडल्यासारखा पांढरा पडला होता. पायांवरचे खवले उचकटून वर आले होते. पिल्लू असताना माईंनी त्याला मांजरीच्या तोंडातून ओढून काढला होता. त्यानंतर तो परसाचा धनी झाला आणि माईंखेरीज कुणालाही मोजेनासा झाला.

"लागट दिसतंय," त्यांचे यजमान अप्पा लांबूनच म्हणाले. "कोंबड्यांना लागायच्या आत देऊन टाक कुणाला तरी."

"त्याच्या आधी तुम्हाला देईन. पण घेणार कोण?"

बोलायला बोलल्या, पण आतून हादरल्या. जनावरांच्या दवाखान्याला आठवडाभर कुलूप होतं. राहता राहिली सून. ती शहरात कातडीची डॉक्टर. पण "कातडीचे कसले डॉक्टर, मलमं चोपडणारे!" असं माई तिच्या लग्नात भर मांडवात बोलून बसल्या होत्या. आता तिच्याकडे कोंबड्यासाठी मलम मागायचं? त्यांनी फोन लावला तो नाक वर ठेवूनच.

"अगं, इकडे एकाला जरा खाज सुटलीय."

"कुणाला, माई?"

"आहे घरातलाच. डोक्यावर पांढऱ्या खपल्या, पाय खरखरीत."

"झोप नीट लागते?"

"कसली झोप! उजाडायच्या आत उठतो आणि गल्ली उठवतो."

"चिडचिड?"

"ती जन्मापासूनची. जवळ गेलं की अंगावर येतो."

"कळलं," सून मायेनं म्हणाली. "अप्पांना म्हणावं, घाबरू नका. मलम पाठवते. आणि बरं वाटेपर्यंत त्यांचा चहा बंद."

माईंनी "बरं" म्हणून फोन ठेवला. मलम मिळतंय ना, मग कुणाच्या का नावानं मिळेना!

मलम आलं आणि जमादाराच्या तुऱ्याला लागलं. पण सून पडली कामाची पक्की. तिनं व्हिडिओ कॉल केला. "माई, अप्पांचं डोकं दाखवा बघू."

"केस विंचरतायत. थांब," म्हणून माईंनी फोन पालथा घातला. अप्पांच्या डोक्यावर विंचरण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे सुनेलाही ठाऊक होतं. माईंनी तांदळाच्या पिठाची मूठ भरली आणि नवऱ्याच्या टकलावर थापली.

"अगं, हे काय करतेस?"

"गप बसा. आजारी आहात तुम्ही."

फोनमध्ये ते डोकं बघून सून किंचाळलीच. "अरे देवा, केवढं पसरलंय! उद्याच येते मी."

दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन दारात हजर. माईंनी आदल्या दिवसापेक्षा जरा कमीच पीठ लावलं होतं, म्हणजे गुण आल्यासारखं दिसावं. सुनेनं ओला कापूस फिरवला. रोग एका फटक्यात साफ झाला. तिनं कापूस निरखला, बोटांत चोळला.

"माई, हे पीठ आहे."

माई छताकडे बघू लागल्या. चहावाचून सुकलेल्या अप्पांचा धीर मात्र सुटला. "रोगी परसात आहे, बाळ. मला आधी चहा दे."

आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. माई उठल्या. "हसायचं तर पोटभर हस. पण आधी त्याला बघ. हे म्हणतात, देऊन टाक. मला ते जमायचं नाही."

सून हसली नाही. मागच्या दारानं परसात गेली. जमादारानं मान फुलवून धाव घेतली मात्र, डॉक्टरीणबाई बॅगेसकट धुण्याच्या दगडावर चढल्या! तिथूनच तिनं आपल्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. ती जनावरांची डॉक्टर. जमादाराला फोनमध्ये बघून तिनं सांगितलं: तुऱ्यावर बुरशी आहे, मलम चालू ठेवा. पायांच्या खवल्यांखाली बारीक किडे शिरलेत. पाय कोमट साबणाच्या पाण्यात भिजवा, मऊ ब्रशनं घासा, खवले उपटू नका, वर व्हॅसलीन जाड थापा म्हणजे किडे गुदमरतील. त्याला वेगळा ठेवा, खुराडं धुऊन काढा.

"धरता का त्याला, माई?" सुनेनं वरूनच विचारलं.

"मी धरते. लावायचं तू. ये खाली."

ती आली. पाय धुऊन झाल्यावर मान मागे घेऊन, हात लांब करून व्हॅसलीन थापू लागली.

"त्याला काय घाबरतेस? या घरात घाबरायचं तर मला."

"तुम्हाला कशी घाबरू आता?" सून खाली बघूनच म्हणाली. "धडधाकट सासऱ्यांना पीठ लावता तुम्ही."

माईंनी ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. इतकं फुटलं की हात सैल पडले आणि जमादार निसटला. ऐटीत उडून तो कुंपणाच्या भिंतीवर जाऊन बसला. व्हॅसलीननं माखलेले पाय तिथं कसले टिकतात! बांग अर्ध्यावर आली असेल नसेल, तोच घसरून धपकन खाली आला.

उठला, पंख झटकले, कुणी बघितलं का ते तिरक्या मानेनं पाहून घेतलं आणि आपल्याला इथंच उतरायचं होतं अशा थाटात चालू लागला.

"बाई गं," सून पुटपुटली, "हुबेहूब."

"कुणासारखा?" माईंनी डोळे वटारले.

"अप्पांसारखा," सून म्हणाली. माईंनी हसून ओले झालेले डोळे पदरानं पुसले आणि त्या खोट्या उत्तरावर खूश होऊन दोघींसाठी चहा टाकायला आत गेल्या.