बाराव्या वर्षाचा मानकरी

आमच्या फुटबॉल क्लबच्या ‘वर्षातील सर्वोत्तम खेळाडू’ पुरस्काराला पन्नास वर्षं झाली. मानकऱ्यांचा फलक करायचं काम क्लबचा कारकून म्हणून माझ्याकडे आलं. मी छाती फुगवून सांगितलं, “तासाभराचं काम!”

तासाभरात एकोणपन्नास नावं सापडली. बाराव्या वर्षापुढे मात्र नुसतंच ‘रद्द’!

मैदान सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या काकांना विचारलं. ते पोट धरून हसायला लागले. “अरे, त्या वर्षी अकरा गोल करणारा हिरो भावाच्या नावावर खेळत होता. बक्षीस घ्यायला वाकला, टोपी पडली आणि हातभर वेणी बाहेर! मुलगी निघाली! लगेच पुरस्कार रद्द.”

“कोण होती ती?”

“तुझी सासू!”

मी धावतच घरी. सासूबाई शिलाई मशीनवर परकराला नेफा घालत होत्या.

“तुम्ही अकरा गोल केलेत?”

“चौदा,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “तीन त्या आंधळ्या पंचाने खाल्ले.”

बस्स! मी पेंटरला सांगून बाराव्या ओळीत ठसठशीत अक्षरांत सासूबाईंचं नाव घालून घेतलं.

समारंभाच्या दिवशी अध्यक्षांनी फलक पाहिला आणि ते तव्यावरच्या पापडासारखे तडतडले. “पुसा! रद्द म्हणजे रद्द!”

“नाही पुसणार!” मी हात पसरून फलकाला पाठ लावली. रंग ओला होता. शर्टाची वाट लागली, पण हललो नाही! “पुसायचंच असेल तर पन्नासही पुसा!”

“नोकरी जाईल!”

“जाऊ दे!” असं म्हणून मी फलकाला आणखीच चिकटलो.

तेवढ्यात गर्दीतून सासूबाई पुढे आल्या. काखेत चेंडू! “अध्यक्षमहाराज, तेव्हा तक्रार तुम्हीच केली होती ना? तेव्हाचे समोरच्या संघाचे गोलकीपर! चला, उभे राहा. एक अडवा आणि खुशाल नाव पुसा.”

सगळे सभासद बघत होते. नाही म्हणायची सोय नव्हती. अध्यक्ष कोट घालूनच गोलमध्ये उभे राहिले. सासूबाईंनी बाह्या सरसावल्या, त्या चार पावलं धावल्या आणि धाड! चेंडू उजवीकडे, अध्यक्ष डावीकडे आणि डावीकडे रेषा आखायची चुन्याची बादली!

टाळ्या थांबेनात. नाव राहिलं. अडतीस वर्षं उशिरा का होईना, सासूबाईंच्या हातात चषक आला. त्यांचे डोळे भरले होते, पण “चुना उडाला,” म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी होती: ‘अध्यक्षांच्या अथक प्रयत्नांनी महिला खेळाडूला न्याय!’ माझं नावही नाही! मी संतापून खुलासा लिहायला बसलो.

सासूबाईंनी पेन काढून घेतलं. “राहू द्या हो, जावईबापू. जन्मात पहिल्यांदाच त्यांच्या हाती काहीतरी लागलंय!”